क्यूबिटांची गणती आणि खरखरीचा हिशेब

पुंजसंगणकाविषयीच्या बातम्या अलीकडे जनगणनेच्या थाटात येऊ लागल्या आहेत. एका कंपनीच्या यंत्रात त्रेपन्न क्यूबिट, दुसरीच्या यंत्रात शंभरावर, तिसरीने हजाराचा टप्पा ओलांडला, अशी आकड्यांची चढाओढ चाललेली असते. आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे यंत्र श्रेष्ठ, असा समज वाचकाच्या मनात नकळत दृढ होतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाचे एक प्रमुख उद्दिष्टही याच भाषेत सांगितले गेले : आठ वर्षांत ५० ते १००० भौतिक क्यूबिटांचे संगणक विकसित करणे. या अभियानासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची तरतूद आहे आणि त्याची मुदत २०३०-३१ पर्यंत आहे. एवढ्या मोठ्या सार्वजनिक खर्चाचे फलित कोणत्या मापाने मोजावयाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ भौतिकशास्त्रज्ञांपुरता राहत नाही.

क्यूबिट हा पुंजसंगणकातील माहितीचा मूळ घटक. नेहमीच्या संगणकातील घटक शून्य किंवा एक यांपैकी एकाच अवस्थेत असतो. क्यूबिट मात्र या दोन्ही अवस्थांच्या अध्यारोपणात राहू शकतो आणि त्या वेळी दोन्ही अवस्थांमध्ये एक निश्चित, तालबद्ध नाते असते. शास्त्रज्ञ या नात्याला सुसंगती म्हणतात. पुंजसंगणकाचे सारे सामर्थ्य या सुसंगतीत आहे आणि ती भोवतालच्या यत्किंचित धक्क्यानेही ढळते. रेडिओवर दूरचे केंद्र लावताना मूळ कार्यक्रमाबरोबर जी खरखर ऐकू येते, तिच्यासारखाच हा उपद्रव असतो. फरक इतकाच की येथे खरखर कार्यक्रमाला झाकून न थांबता तो कार्यक्रमच बदलून टाकते. यंत्रात क्यूबिट किती आहेत याआधी ते खरखरीत किती काळ आणि कितपत अचूक टिकतात हे विचारले पाहिजे. ते विचारले नाही तर क्यूबिटांची वाढती संख्या ही निव्वळ खोगीरभरती ठरण्याचा संभव आहे.

हुकमाचे दार, उपद्रवाचेही

या प्रश्नाचे मूळ पुंजसंगणकाच्या कल्पनेहूनही बरेच जुने आहे. १९३८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इसिडोर रॅबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडला आणि त्यावर रेडिओतरंग टाकले. तरंगांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, अणुकेंद्राच्या स्वाभाविक कंप्रतेशी जुळली की अणुकेंद्राच्या चुंबकत्वाची दिशा पालटत असे. अणूच्या गाभ्याला बाहेरून हुकूम देण्याची ही युक्ती फार महत्त्वाची ठरली आणि १९४४ सालचे नोबेल पारितोषिक रॅबी यांना मिळाले.

या युक्तीचे तत्त्व झोपाळ्यावरून समजू शकते. झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीशी जुळवून हलके धक्के देत गेल्यास तो उंच चढतो. पुंजव्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की ती खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर पोहोचल्यावरही तोच तरंग चालू ठेवला, तर ती तितक्याच शिस्तीने पुन्हा खाली येते. हे चढणे-उतरणे रॅबी-दोलन या नावाने ओळखले जाते. तरंग किती काळ चालू ठेवला यावर व्यवस्था कोठे थांबेल हे ठरते. अर्ध्या वाटेत थांबविल्यास ती दोन्ही पातळ्यांच्या अध्यारोपणात राहते. आजच्या पुंजसंगणकातील जवळजवळ प्रत्येक क्रिया अशा मोजून-मापून दिलेल्या बाह्य प्रेरणेची बनलेली असते.

या नीटस चित्रात अडचण अशी आहे की ज्या दारातून हुकूम आत जातो, त्या दारातून इतरही पुष्कळ काही आत शिरते. एखादी व्यवस्था बाहेरच्या प्रेरणेला प्रतिसाद देते याचाच अर्थ ती बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे, आणि जोडलेल्या व्यवस्थेला प्रयोगकर्त्याचा हुकूम कोणता व भोवतालचा गोंगाट कोणता हे ओळखता येत नाही. १९२८ मध्ये जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिले की कोणत्याही विद्युतरोधात, त्याला बाहेरून काहीही न जोडता, केवळ उष्णतेमुळे एक सूक्ष्म खरखर सतत चालू असते. १९५१ मध्ये कॅलन आणि वेल्टन यांनी या निष्कर्षाला पुंजयामिकीच्या चौकटीत व्यापक रूप दिले. त्याचा मथितार्थ असा की ज्या वाटेने एखाद्या व्यवस्थेची ऊर्जा बाहेर झिरपू शकते, त्याच वाटेने भोवतालची खरखर आत येते. वाट बंद केली तर उपद्रव थांबतो, पण मग हुकूमही पोहोचत नाही.

बाह्य प्रेरणेवर चालणाऱ्या प्रत्येक पुंजव्यवस्थेची ही मूलभूत कोंडी आहे. प्रेरणा सौम्य ठेवली तर क्रिया मंद होते आणि ती पुरी होण्याआधीच खरखर आपले काम साधते. प्रेरणा तीव्र केली तर क्रिया लवकर उरकते, पण तीव्र तरंगाची स्वतःची अस्थिरता आत येते, शेजारच्या क्यूबिटांना नको तो धक्का बसतो आणि व्यवस्था ठरलेल्या दोन पातळ्यांपलीकडे ढकलली जाण्याची भीती निर्माण होते. परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो. रॅबी-दोलनाची उंची कमी कमी होत जाते आणि अखेर व्यवस्था अशा स्थितीला येते की मोजल्यावर शून्य मिळेल की एक, हे नाणे उडवून छापा-काटा पाहण्याइतकेच अनिश्चित होते. गणित चालू असते, पण उत्तर त्यातून निघून गेलेले असते.

रुग्णालयातील उदाहरण

ही सारी चर्चा प्रयोगशाळेच्या भिंतीआडची वाटत असली, तरी बाह्य प्रेरणेवर चालणाऱ्या पुंजव्यवस्थेचा अनुभव महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी घेतलेला आहे. एमआरआय तपासणीसाठी रुग्णाला यंत्राच्या नळीत सरकविले जाते, तेव्हा त्याच्या शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे हीच ती व्यवस्था असते. दीड टेस्ला शक्तीच्या चुंबकात या अणुकेंद्रांची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख असते. त्याच कंप्रतेचे रेडिओतरंग यंत्र सोडते, अणुकेंद्रे कलतात आणि मग सावकाश पूर्वस्थितीला येतात. त्यांचा प्रतिसाद इतका क्षीण असतो की बाहेरच्या रेडिओतरंगांनी तो बुडून जाऊ नये म्हणून तपासणीची खोली तांब्यासारख्या धातूच्या आवरणाने मढविलेली असते.

अणुकेंद्रांचे पूर्वस्थितीला येणे हेसुद्धा खरखरीचेच कार्य आहे. शरीरातील रेणू सतत गिरक्या घेत असतात आणि त्यांमुळे प्रत्येक अणुकेंद्राभोवतीचे चुंबकीय क्षेत्र थरथरत राहते. या थरथरीत अणुकेंद्राच्या स्वतःच्या कंप्रतेचा अंश जितका अधिक, तितकी त्याची ऊर्जा लवकर निघून जाते. ब्लोमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये याचा उलगडा केला. मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या पातळ द्रवात रेणूंच्या गिरक्या अतिशय जलद असतात, त्यामुळे त्यांची थरथर अणुकेंद्राला फारशी लागू पडत नाही आणि पूर्वस्थितीला येण्यास काही सेकंद लागतात. चरबीतील जड रेणू मंद गतीने फिरतात, त्यांची थरथर अणुकेंद्राच्या लयीच्या जवळ येते आणि तेच काम सुमारे पाव सेकंदात होते. एमआरआयच्या चित्रात निरनिराळ्या ऊतींमध्ये जो काळा-पांढरा भेद दिसतो, त्याचा एक मोठा भाग या फरकातून येतो. डॉक्टर पाहतात ते चित्र भोवतालच्या खरखरीने पुंजव्यवस्थेवर उमटविलेले असते.

या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. खरखर किती आहे एवढे पाहून भागत नाही. ती कोणत्या कंप्रतेची आहे हे पाहावे लागते. मोठा गोंगाटही व्यवस्थेच्या लयीशी न जुळणारा असेल तर निरुपद्रवी ठरतो आणि अगदी हलकी कुजबुज नेमक्या लयीची असेल तर घात करते.

मंद खरखरीवर उतारा

याच जाणिवेतून १९५० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अर्विन हान यांनी एक विलक्षण उपाय शोधला. धावण्याच्या शर्यतीत अनेक धावपटू एकाच रेषेपासून सुटले की थोड्याच वेळात पांगतात, कारण प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. पण ठरावीक क्षणी शिट्टी वाजवून सर्वांना आहे त्या वेगाने मागे फिरण्यास सांगितले, तर पुढे गेलेला वेगवान धावपटू आणि मागे राहिलेला मंद धावपटू दोघेही एकाच क्षणी आरंभरेषेवर पोहोचतील. अणुकेंद्रांच्या बाबतीत हान यांनी नेमके हेच केले. पहिल्या तरंगानंतर ताल सुटलेल्या अणुकेंद्रांवर दुसरा तरंग टाकताच हरवलेला ताल काही क्षणांनी परत आला आणि यंत्रात जणू प्रतिध्वनी उमटला. सुसंगती नाहीशी झाली असे ज्याला वाटत होते, त्यातला काही भाग केवळ विखुरला होता असे निष्पन्न झाले.

या उपायाला मर्यादा मात्र आहे. धावपटूंनी आपापला वेग वाटेत बदलला नाही तरच ते एकत्र येतात. भोवतालची खरखर मंद असेल तर प्रतिध्वनीचा उपाय लागू पडतो. ती जलद असेल तर दुसऱ्या तरंगापूर्वीच घडी मोडलेली असते. म्हणून पुढील पिढ्यांतील शास्त्रज्ञांनी एका शिट्टीऐवजी अनेक शिट्ट्या वाजविण्याची, म्हणजे तरंगांची मालिकाच सोडण्याची पद्धत विकसित केली. शिट्ट्यांमधील अंतर बदलत गेले की कोणत्या कंप्रतेची खरखर किती आहे हेही कळते. २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी याच मार्गाने एका अतिसंवाहक क्यूबिटाभोवतीच्या खरखरीचा वर्णपट मोजला. अशा रीतीने बाह्य प्रेरणा एकाच वेळी ढालीचे आणि दुर्बिणीचे काम करू लागली. शत्रूची ओळख पटल्याखेरीज त्याच्यावर उपाय चालत नाही, हा व्यवहारातील धडा येथेही खरा ठरतो.

शून्यानजीकचा शीतक

आजचे बहुचर्चित पुंजसंगणक ज्या अतिसंवाहक मंडलांवर उभे आहेत, त्यांचा पायाही खरखरीशी झगडूनच घातला गेला. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जॉन क्लार्क, मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये दाखवून दिले की हातात धरता येईल एवढ्या विद्युतमंडलातही पुंजयामिकीचे नियम दिसून येतात. त्या मंडलावर सूक्ष्मतरंगांची प्रेरणा देऊन त्यांनी त्याच्या ऊर्जापातळ्या वेगवेगळ्या ओळखल्या. हे जमले याचे मोठे श्रेय तारांमधून येणारी बाहेरची खरखर गाळण्यासाठी त्यांनी घेतलेल्या कष्टांना आहे. तांब्याची पूड भरलेल्या त्यांच्या गाळण्या पुढे अनेक प्रयोगशाळांनी उचलल्या. या तिघांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९९ मध्ये जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साय यांनी अशा मंडलातील सुसंगती प्रथम हुकमी वळविली. ती टिकली काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश. आज चांगल्या प्रयोगशाळांतील उत्तम क्यूबिट एक मिलिसेकंदाच्या घरात टिकू लागले आहेत. पाव शतकात झालेली ही लक्षपटींची प्रगती एखाद्या एका शोधाने झालेली नाही. २००७ मध्ये येल विद्यापीठात मंडलाची रचनाच अशी बदलण्यात आली की भटक्या विद्युतभारांच्या खरखरीला ते जवळजवळ बधिर व्हावे. पुढे धातू बदलले, पृष्ठभाग स्वच्छ करण्याच्या रीती बदलल्या, ऑक्साइडच्या थरांतील सूक्ष्म दोष एकेक करून कमी केले गेले. धातुकाम, रसायन आणि निर्वात तंत्र यांतील हे चिकाटीचे काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत क्वचितच येते.

या यंत्रांतील मंडले केवलशून्याच्या वर अंशाच्या एक-दोन शतांशांइतक्या तापमानात ठेवलेली असतात. पाच गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या क्यूबिटाची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सुमारे पाव केल्विन होते. भोवताल याहून बराच थंड नसेल तर उष्णताच क्यूबिटाला हुकूम देऊ लागते. पण हुकमाची तार तर साध्या तापमानाच्या खोलीतून आत येते आणि तिच्याबरोबर खोलीची ऊबही उतरते. यावर उपाय असा की शीतकाच्या प्रत्येक मजल्यावर तारेतील संदेश मुद्दाम दुबळा केला जातो. खालपर्यंत पोहोचताना त्याची शक्ती साधारण दहा लाखांनी घटविलेली असते. आधी मोठा हुकूम तयार करावयाचा आणि मग खरखरीसकट तो दहा लाखांश करावयाचा, असा हा उफराटा वाटणारा व्यवहार आहे. हुकमाच्या दाराची कोंडी येथे अक्षरशः तारेच्या रूपाने दिसते.

एवढे करूनही एक पाहुणा राहतोच. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन कण खाली जात असतो. तो विश्वकिरणांतून जन्मतो आणि छपरे, भिंती व शीतक यांना जुमानत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले की असा किरणोत्सर्ग अतिसंवाहक क्यूबिटांच्या आयुष्याला काही मिलिसेकंदांची मर्यादा घालील. त्यानंतर गूगलच्या संशोधकांना आढळले की सुमारे दर दहा सेकंदांनी एखाद्या कणाचा आघात चकतीवरील अनेक क्यूबिटांना एकदमच चुकवितो. काही संशोधकांनी तर इटलीतील ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत अतिसंवाहक मंडले नेऊन किरणोत्सर्ग कमी झाल्याचा लाभ तपासला.

आकड्यांमागील वस्तुस्थिती

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे गाजलेल्या दाव्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने जाहीर केले की त्यांच्या ५३ क्यूबिटांच्या यंत्राने २०० सेकंदांत केलेले काम महासंगणकाला दहा हजार वर्षांत झाले असते. आयबीएमने लगेच प्रतिवाद केला की योग्य पद्धत वापरल्यास ते अडीच दिवसांत होईल. या वादात एक आकडा सामान्य वाचकापर्यंत पोहोचलाच नाही : त्या यंत्राच्या उत्तरांची विश्वसनीयता सुमारे ०.२ टक्के होती. उरलेला भाग खरखरीचा होता. तेवढ्या अत्यल्प अचूकतेची नक्कल करणे हे पूर्ण अचूक उत्तर काढण्यापेक्षा सोपे असते आणि पुढे चिनी संशोधकांनी पाचशेबारा साध्या चित्रप्रक्रियकांवर ती सुमारे पंधरा तासांत करून दाखविली. यामुळे मूळ प्रयोगाचे मोल शून्य होत नाही. एवढ्या क्यूबिटांवर एकाच वेळी हुकमत चालविणे हे तंत्रज्ञानातील मोठेच यश होते. पण दहा हजार वर्षांची भाषा कोठे विरली, याचे उत्तर क्यूबिटांच्या संख्येत सापडत नाही. ते खरखरीत सापडते.

खरखर पूर्णपणे घालविता येत नाही, तर तिच्यासह जगण्याचा मार्ग काढावा, असा विचार १९९५ मध्ये पीटर शोर यांनी मांडला. एका क्यूबिटाची माहिती अनेक क्यूबिटांवर पसरून ठेवली आणि माहितीला हात न लावता केवळ चुकांची चाहूल घेत राहिले, तर चूक दुरुस्त करता येते. यात मोठी अट आहे. प्रत्येक क्यूबिटाच्या चुकीचे प्रमाण एका उंबरठ्याखाली असेल तरच क्यूबिट वाढविल्याने चुका घटतात. ते वर असेल तर जितके क्यूबिट अधिक तितक्या चुका अधिक. उंबरठ्यापलीकडे संख्या हीच आपत्ती होते.

हा उंबरठा ओलांडल्याचा भक्कम पुरावा डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या १०५ क्यूबिटांच्या यंत्राने दिला. सांकेतिक जाळे एकेक पायरी मोठे करीत नेले तसे चुकीचे प्रमाण प्रत्येक पायरीस निम्म्याहून खाली आले. १०१ भौतिक क्यूबिट खर्चून मिळालेला एक दुरुस्त क्यूबिट त्यांच्यातील सर्वोत्तम एकट्या क्यूबिटाच्या दुपटीहून अधिक काळ टिकला. त्याच प्रयोगमालेत हेही दिसले की सुमारे तासातून एकदा अनेक क्यूबिटांना एकदम गाठणारी चूक येते आणि दुरुस्तीच्या सामर्थ्याला तेथे मर्यादा पडते. शंभरावर क्यूबिट खर्चून एक मिळतो आणि तोही निर्दोष नसतो. हा हिशेब समोर ठेवला म्हणजे पन्नास किंवा हजार या आकड्यांचा खरा अर्थ कळतो. आजच्या बँका आणि दळणवळण ज्या २०४८ बिटांच्या गूढलिपीवर विसंबून आहेत, ती फोडण्यास किती यंत्रसामग्री लागेल याचा २०२५ मधील एक गाजलेला अंदाज दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी काळ असा आहे. त्यातही प्रत्येक क्रियेतील चूक हजारात एकापेक्षा अधिक नसावी हे गृहीत धरले आहे. ही अट ढळली की सारा अंदाजच ढळतो.

भारतापुढील काम

भारताला या क्षेत्रात अगदी आरंभापासून चाचपडत जावे लागणार आहे, असे मानण्याचे कारण नाही. भोवतालशी होणाऱ्या सततच्या संपर्काने पुंजव्यवस्थेचे काय होते, या प्रश्नाचा एक धागा बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन यांच्या १९७७ मधील लेखाशी जोडलेला आहे. वारंवार निरीक्षण केल्यास पुंजव्यवस्था आपल्या जागी खिळून राहते, हा त्यांचा निष्कर्ष आज चुकांना आवर घालण्याच्या काही पद्धतींत उपयोगी पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. विजयराघवन यांनी बर्कली येथे असताना, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, क्यूबिटाची हळुवार मोजणी चालू ठेवून बाह्य प्रेरणा क्षणोक्षणी सुधारीत नेली आणि एरवी विझून जाणारे रॅबी-दोलन अखंड चालू ठेवून दाखविले. त्याच टाटा संस्थेच्या कुलाबा येथील आवारात, संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेच्या सहकार्याने, सहा क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पुरी झाल्याचे जाहीर झाले. होमी भाभांनी उभारलेल्या या संस्थेचा पिंड विश्वकिरणांच्या अभ्यासावर पोसलेला आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर प्रयोग केले होते. ज्या किरणांचा पाठलाग भाभांच्या पिढीने केला, त्यांच्यापासूनच क्यूबिट वाचविण्याची वेळ आता आली आहे.

सहा हा आकडा परदेशांतील शेकड्यांपुढे किरकोळ दिसतो आणि म्हणूनच तो लवकर मोठा करून दाखविण्याचा मोह प्रशासनाला होणे स्वाभाविक आहे. या मोहापासून सावध राहिले पाहिजे. खरखरीचा बंदोबस्त न करता शंभर क्यूबिट एका चकतीवर बसविणे अशक्य नाही. त्यातून मथळा मिळेल. गणित मात्र मिळणार नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्राबाबत क्यूबिटांच्या संख्येबरोबर त्यांचा सुसंगतिकाल, एका व दोन क्यूबिटांच्या क्रियांतील चुकीचे प्रमाण, मोजणीतील चुकीचे प्रमाण आणि महिनोगणती त्यांत होणारा चढउतार हे आकडे ठरावीक काळाने प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. संसदेला आणि जनतेला प्रगती मोजण्याचे खरे साधन तेच आहे.

दुसरी गोष्ट पूरक उद्योगांची. अतिशीतक, सूक्ष्मतरंगांची गाळणी, कमी खरखरीचे वर्धक, शुद्ध धातूंचे पातळ थर या साऱ्या गोष्टी पुंजसंगणकाच्या कोठारातील धान्य आहेत. या तापमानाचे शीतक करणाऱ्या नामांकित कंपन्या फिनलंड आणि ब्रिटन यांसारख्या देशांत आहेत. त्या शीतकांना लागणारे हेलियम-३ निसर्गात जवळजवळ सापडत नाही. ते मुख्यतः ट्रिटियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून मिळते. कॅनडाने आपल्या जडपाण्याच्या अणुभट्ट्यांतील ट्रिटियमपासून ते मिळविण्यास सुरुवात केली आहे. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसह भारताच्या बऱ्याच अणुभट्ट्या जडपाण्यावर चालतात, तेव्हा या दिशेने विचार होणे अगत्याचे आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हे येथेही विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट या साऱ्या चर्चेची उजळ बाजू दाखविते. क्यूबिटाचे भोवतालविषयीचे हळवेपण संगणकात दोष ठरते, पण संवेदकात तोच गुण आहे. क्षीण चुंबकीय क्षेत्र, गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक किंवा काळाचा नेमका माग काढण्यासाठी असाच हळवा घटक लागतो, जसा एमआरआयने अणुकेंद्राच्या भोवतालचीच थरथर वाचून रोगाची जागा दाखविली. राष्ट्रीय अभियानातील संवेदन व मापनविद्येचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. संगणकाच्या तुलनेत संवेदकांना क्यूबिट थोडे पुरतात आणि त्यांची फळे वैद्यक, खनिजशोध व नौकानयन यांत लवकर हाती येण्याचा संभव अधिक आहे. क्यूबिटांच्या गणतीतच गुंतून राहिल्यास या कामाकडे दुर्लक्ष होईल आणि ती हानी संगणकाच्या विलंबापेक्षा मोठी असेल.

बाहेरच्या जगाशी नाते तोडून कोणतीही पुंजव्यवस्था उपयोगी पडत नाही आणि ते नाते ठेवून ती निर्विघ्न राहत नाही. रॅबी यांच्या झोतापासून आजच्या शीतकापर्यंतचा इतिहास हे नाते किती आणि कसे ठेवावे, याचा विवेक हळूहळू वाढत गेल्याचा इतिहास आहे. राष्ट्रीय अभियानाची मुदत संपेल तेव्हा भारताच्या यंत्रात पन्नास क्यूबिट होते की पाचशे, याला दुय्यम महत्त्व असेल. त्यांतील एकेक क्यूबिट दिलेला हुकूम किती शुद्ध पाळतो आणि तो तसा पाळावा यासाठी लागणारे कसब देशातल्या किती हातांना साधले आहे, यावरच सहा हजार कोटींचा हिशेब चुकता झाला की नाही हे ठरेल.